आधी गरज, मग वस्तू : फोन, ॲप आणि संगणक निवडताना

या धड्यात आपण काय शिकणार आहोत?

• वस्तूची किंमत आणि वस्तूचा खर्च यांतील फरक
• स्वतःच्या गरजेनुसार फोन, रिचार्ज आणि पैसे देण्याघेण्याचे साधन निवडणे
• ‘फुकट’ ॲप आणि ‘बिनव्याजी’ हप्ता यांचा हिशोब करणे
• निवड चुकली किंवा फसवणूक झाली, तर लगेच काय करायचे

घरखर्चाच्या वहीत पूर्वी फोनचा रकाना नसे. आज बहुतेक घरांत तो आहे आणि दरवर्षी वाढतो आहे. फोनचा हप्ता, दोन-तीन नंबरांचे रिचार्ज, सिनेमे पाहायच्या ॲपची वर्गणी, फोटो साठवायची जादा जागा. यातला प्रत्येक आकडा लहान असतो, म्हणून त्याकडे लक्ष जात नाही. पण महिना पाचशे रुपये बाजूला टाकणाऱ्या माणसासाठी महिना तीनशे रुपयांची गळती म्हणजे निम्म्याहून जास्त बचत गेली.

दुसरी गोष्ट त्याहून मोठी आहे. आता तुमच्या बँक खात्याची किल्ली याच फोनमध्ये आहे. चुकीचे ॲप निवडले तर महिन्याचे तीनशे रुपये जातातच, शिवाय अनेक वर्षांची पुंजी एका दुपारी जाऊ शकते. म्हणून या वस्तूंची निवड हा बचतीचाच विषय आहे.

१. गरजेची चिठ्ठी

दुकानात जाण्याआधी किंवा ॲप घेण्याआधी एका कागदावर चार प्रश्नांची उत्तरे लिहा.

पहिला प्रश्न : मला नेमके कोणते काम करायचे आहे? ‘चांगला फोन हवा’ हे उत्तर नव्हे. ‘गिऱ्हाइकांचे फोन घ्यायचे, नमुन्यांचे फोटो पाठवायचे, यूपीआयने पैसे घ्यायचे’ हे उत्तर.

दुसरा प्रश्न : हे काम मी किती वेळा करतो? रोजच्या कामासाठी पैसे घालणे योग्य. वर्षातून दोनदा लागणाऱ्या कामासाठी सेवा केंद्रात वीस-तीस रुपये देणे स्वस्त पडते.

तिसरा प्रश्न : वापरणार कोण? त्या माणसाला वाचता येते का, कोणत्या भाषेत येते, डोळ्यांना किती दिसते, बोटे किती चालतात? वापरणाऱ्याला जमत नसेल, तर सर्वांत चांगली वस्तूही निरुपयोगी आहे.

चौथा प्रश्न : ही वस्तू उद्या बंद पडली किंवा हरवली, तर माझे काय अडेल? याच्या उत्तरावरून किती काळजी घ्यायची ते ठरते.

ही चिठ्ठी खिशात ठेवा. विक्रेता जे गुण सांगेल ते चिठ्ठीत आहेत का, ते पाहा. नसतील, तर त्या गुणांचे पैसे तुम्ही द्यायचे कारण नाही.

२. किंमत वेगळी, खर्च वेगळा

दुकानात फोनवर चिकटवलेला आकडा ही त्याची किंमत. तो फोन तुमच्याकडे असेपर्यंत त्याच्यापायी जे जे पैसे जातात, तो त्याचा खर्च.

समजा, शिवणकाम करणाऱ्या एका ताईंसमोर दोन फोन आहेत. दोन्ही फोन त्यांच्या चिठ्ठीतली सगळी कामे करतात. पहिला रु. ९,०००चा. तो त्या रोख घेऊ शकतात. दुसरा रु. १८,०००चा. तो हप्त्याने घ्यावा लागेल. हप्त्याचे व्याज आणि प्रक्रिया शुल्क मिळून रु. २,४०० आणि विक्रेत्याने सुचवलेला फोनचा विमा रु. १,५००. कव्हर आणि काच दोन्हींना रु. ५००. फोन तीन वर्षे टिकेल असे धरू.

पहिला फोन : ९,००० + ५०० = रु. ९,५००
३६ महिन्यांत विभागले तर महिना सुमारे रु. २६४

दुसरा फोन : १८,००० + २,४०० + १,५०० + ५०० = रु. २२,४००
३६ महिन्यांत विभागले तर महिना सुमारे रु. ६२२

फरक महिना सुमारे रु. ३५८. टपाल कार्यालयाचे आवर्ती ठेव खाते महिना रु. १०० पासून उघडता येते. ताईंनी पहिला फोन घेतला आणि महिना रु. ३५० त्या खात्यात टाकले, तर पाच वर्षांत मुद्दलच रु. २१,००० होते. व्याज त्यावर वेगळे.

याचा अर्थ स्वस्त वस्तूच नेहमी घ्यावी असा नाही. आता हाच हिशोब पुन्हा करू. समजा, पहिला फोन दोनच वर्षांत निकामी झाला. मग त्याचा खर्च ९,५०० भागिले २४, म्हणजे महिना सुमारे रु. ३९६. आणि दुसरा फोन ताईंनी थोडे थांबून, पैसे साठवून रोखीने घेतला, विमा घेतला नाही आणि तो चार वर्षे टिकला. मग त्याचा खर्च १८,५०० भागिले ४८, म्हणजे महिना सुमारे रु. ३८५. आता महाग फोन स्वस्त पडला.

म्हणजे दोन गोष्टींनी फरक पडतो : वस्तू किती वर्षे चालणार आणि ती कर्जाने घेतली की साठवलेल्या पैशाने. म्हणून दुकानदाराला कॅमेऱ्याआधी हे विचारा : या फोनला सुरक्षा अपडेट किती वर्षे मिळणार? बॅटरी बदलता येते का आणि किती रुपयांत? आमच्या गावात किंवा जवळच्या शहरात याचे दुरुस्ती केंद्र आहे का? सुरक्षा अपडेट बंद झालेला फोन दिसायला ठीक असतो, पण त्यातील त्रुटी कोणी दुरुस्त करत नाही. अशा फोनवर बँकेचे व्यवहार करणे धोक्याचे आहे.

३. ‘बिनव्याजी’ हप्ता

‘नो कॉस्ट ईएमआय’ ही पाटी तुम्ही पाहिली असेल. यात खर्च नसतो असे नाही, तो दिसत नाही एवढेच. रिझर्व्ह बँकेने १७ सप्टेंबर २०१३च्या परिपत्रकात बँकांना स्पष्ट सांगितले होते की शून्य टक्के व्याज अशी काही गोष्टच अस्तित्वात नसते.

मग व्याज कुठे जाते? बहुधा रोख घेणाऱ्याला मिळणारी सूट हप्त्याने घेणाऱ्याला मिळत नाही. समजा, रु. १८,०००चा फोन रोखीने रु. १७,०००ला मिळतो, आणि ‘बिनव्याजी’ सहा हप्त्यांत रु. ३,००० प्रमाणे रु. १८,००० होतात. तर ते एक हजार रुपये हे व्याजच आहे. त्यावर प्रक्रिया शुल्क आणि जीएसटी वेगळा. म्हणून दुकानात दोनच आकडे कागदावर लिहून मागा : आज रोख दिले तर एकूण किती? हप्त्याने दिले तर सगळे शुल्क धरून एकूण किती? दुसऱ्यातून पहिला वजा करा. उरते ते कर्जाचे मोल.

हप्ता चुकला तर दंड लागतो आणि पतमाहितीत नोंद होते. उद्या घर दुरुस्तीसाठी किंवा व्यवसायासाठी कर्ज हवे असेल, तेव्हा ही नोंद आडवी येते. ज्या वस्तूवर कमाई अवलंबून आहे, तिच्यासाठी हप्ता एकवेळ समजण्यासारखा आहे. जुना फोन चालू असताना नव्यासाठी हप्ता घेणे मात्र टाळा.

४. रिचार्ज : वर्षाचा हिशोब करा

अनेक रिचार्ज २८ दिवसांचे असतात. आपण त्याला ‘महिन्याचा रिचार्ज’ म्हणतो, पण २८ गुणिले १३ म्हणजे ३६४ दिवस. म्हणजे वर्षात रिचार्ज १२ नव्हे, १३ वेळा करावा लागतो. रु. ३००चा रिचार्ज असेल तर वर्षाचे रु. ३,६०० नव्हे, रु. ३,९०० होतात. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, २०२२ मध्ये प्रत्येक कंपनीला ३० दिवसांचा किमान एक प्लॅन देणे बंधनकारक केले. तुलना करताना प्लॅनच्या किमतीला दिवसांनी भागा आणि एका दिवसाचा दर काढा.

ज्याला इंटरनेट लागतच नाही, त्याने इंटरनेटचे पैसे का द्यावेत? याच कारणाने ट्रायने डिसेंबर २०२४ मध्ये नियम बदलून, फक्त बोलणे आणि एसएमएस यांसाठीचा किमान एक प्लॅन ठेवणे कंपन्यांना बंधनकारक केले. अशा प्लॅनची मुदत ३६५ दिवसांपर्यंत असू शकते. घरात साधा फोन वापरणारे कोणी असेल, तर दुकानदाराला ‘इंटरनेटशिवायचा प्लॅन’ असे नाव घेऊन विचारा. न विचारता तो बहुधा सांगितला जात नाही.

दुसरे सिम ठेवले असेल, तर ते खरेच लागते का तेही पाहा. मात्र एक काळजी घ्या : जो नंबर बँकेत, आधारला किंवा गॅसच्या नोंदणीला दिला आहे, तो सोडण्याआधी सगळीकडे नवा नंबर नोंदवा. सोडलेला नंबर काही काळाने कंपनी दुसऱ्या ग्राहकाला देते. तुमच्या खात्याचे संदेश आणि ओटीपी त्या अनोळखी माणसाच्या हातात जाता कामा नयेत.

५. पैसे देण्याघेण्यासाठी किती साधन पुरे?

यूपीआय २०१६ मध्ये सुरू झाले. त्याचे एक वैशिष्ट्य अनेकांना माहीत नसते : तुमचे खाते कोणत्याही बँकेत असले, तरी यूपीआयवर असलेल्या त्या बँकेचे खाते कोणत्याही यूपीआय ॲपला जोडता येते. म्हणून तीन-चार ॲप ठेवायची गरज नाही. एक पुरे. जितकी ॲप जास्त, तितकी लक्ष ठेवायची दारे जास्त.

आता गरजेनुसार तीन प्रकार पाहू.

(अ) साधा फोन वापरणारे. समजा, तुम्ही सुरतला कामाला आहात आणि आई जळगाव जिल्ह्यात गावी राहते. तिला अक्षरे बारीक दिसतात आणि तिला फक्त तुम्ही पाठवलेले पैसे आले की नाही ते कळायला हवे. अधूनमधून किराणावाल्याला पैसे द्यायचे असतात. तिच्यासाठी दहा हजारांचा स्मार्टफोन घेऊन वर्षभर इंटरनेट भरण्याआधी विचार करा. तुम्ही तिच्या खात्यात पैसे टाकता, तेव्हा तिच्याकडे स्मार्टफोन असण्याची गरजच नाही. तिचा नंबर बँकेत नोंदलेला असला, की पैसे जमा झाल्याचा संदेश साध्या फोनवर येतो.

पैसे द्यायचे असतील तर साध्या फोनवर *९९# ही सेवा आहे. ती इंटरनेटशिवाय चालते आणि एका वेळी रु. ५,०००पर्यंत पाठवता येतात. ती प्रत्येक कंपनीच्या सिमवर चालतेच असे नाही, म्हणून आधी डायल करून पाहा. दुसरी सेवा ‘यूपीआय १२३पे’. ती मार्च २०२२ मध्ये सुरू झाली. त्यात एका क्रमांकावर फोन करून, सूचना ऐकत बटणे दाबून पैसे पाठवता येतात. तो क्रमांक इंटरनेटवर शोधू नका, आपल्या बँकेच्या शाखेतूनच लिहून घ्या. आणि एक स्पष्टपणे सांगायला हवे : आईला नातवंडांशी व्हिडिओवर बोलायचे असेल, तर तीही खरी गरज आहे. ती चिठ्ठीत लिहा आणि मग स्मार्टफोन घ्या.

(आ) रोजचे लहान व्यवहार करणारे. चहा, भाजी, रिक्षा यांसाठी ‘यूपीआय लाइट’ पाहा. यात तुम्ही थोडे पैसे आधीच बाजूला काढून ठेवता. एका वेळी रु. १,०००पर्यंत पिन न टाकता देता येतात आणि एकूण शिल्लक जास्तीत जास्त रु. ५,००० ठेवता येते. फायदा असा की पासबुकात पंधरा-वीस रुपयांच्या नोंदींची रांग लागत नाही. तोटा असा की त्या शिलकीवर व्याज मिळत नाही, आणि पिन लागत नसल्याने उघडा फोन दुसऱ्याच्या हाती पडला तर ती रक्कम जाऊ शकते. म्हणून दोन-तीन दिवसांना पुरेल एवढेच ठेवा आणि फोनला लॉक लावा.

(इ) दुकानदार. ग्राहक बँक खात्यातून यूपीआयने पैसे देतो, तेव्हा दुकानदाराकडून त्यावर शुल्क घेतले जात नाही. हा नियम जानेवारी २०२० पासून आहे. पण पैसे आल्याचे बोलून सांगणाऱ्या यंत्राचे भाडे लागू शकते. समजा, ते महिना रु. १०० आहे, म्हणजे वर्षाला रु. १,२००. दिवसाला चार ग्राहक येत असतील, तर बँकेचा एसएमएस पाहणे पुरे. पण संध्याकाळी गर्दी असते, हात पिठात किंवा तेलात असतात आणि कोणी खोटा स्क्रीनशॉट दाखवून निघून जातो, अशा ठिकाणी महिना शंभर रुपये ही चैन नव्हे, राखण आहे. गरज वेगळी, म्हणून उत्तर वेगळे.

तिन्ही प्रकारांना लागू असा एक उपाय : बचतीचे खाते आणि खर्चाचे खाते वेगळे ठेवा. यूपीआय फक्त खर्चाच्या खात्याला जोडा आणि त्यात महिन्याच्या खर्चापुरतेच पैसे ठेवा. काही चूक झालीच, तर नुकसान महिन्याच्या खर्चापुरते राहील, मुलीच्या शिक्षणाच्या पैशांपर्यंत पोचणार नाही. वेगळे खाते उघडण्याआधी त्याला किमान शिलकीची अट किंवा शुल्क आहे का, ते बँकेत विचारून घ्या.

६. ‘फुकट’ ॲपची किंमत

ॲप फुकट असले, तरी बनवणाऱ्याचे पैसे कुठून तरी येतात : जाहिरातीतून, तुमच्या माहितीतून, किंवा पुढे लागणाऱ्या वर्गणीतून. यातले तुमच्या वाट्याला काय येते, ते आधी पाहा.

वर्गणीचा सापळा. ‘पहिला महिना फक्त १ रुपया’ असे लिहिलेले असते. तो एक रुपया देताना तुम्ही पुढच्या महिन्यांत आपोआप पैसे कापायला परवानगी देत असता. महिना रु. २९९ म्हणजे वर्षाला रु. ३,५८८. आणि लक्षात घ्या, ॲप फोनमधून काढून टाकले म्हणून वर्गणी थांबत नाही. ती वेगळी बंद करावी लागते. यूपीआय ॲपमध्ये ‘ऑटोपे’ किंवा ‘मँडेट’ नावाचा भाग असतो. तिथे तुमच्या सगळ्या चालू परवानग्या दिसतात आणि तिथूनच त्या रद्द करता येतात. कार्डावरची परवानगी बँकेच्या ॲपमधून किंवा शाखेतून रद्द होते. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार अशी रक्कम कापण्याआधी किमान २४ तास सूचना यायला हवी. तो संदेश जाहिरात समजून पुसून टाकू नका.

केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी ग्राहकांना फसवणाऱ्या अशा १३ युक्त्यांची यादी जाहीर करून त्यांना मनाई केली. वर्गणी रद्द करणे मुद्दाम अवघड ठेवणे, न विचारता टोपलीत जादा वस्तू टाकणे, ‘शेवटची दोनच शिल्लक’ अशी खोटी घाई करणे, या त्यातल्या काही. असे आढळल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार करता येते.

परवानग्या. ॲप सुरू करताना ते संपर्क, फोटो, संदेश, ठिकाण पाहायची परवानगी मागते. स्वतःला विचारा : या कामासाठी हे लागते का? नकाशाला तुमचे ठिकाण लागते. टॉर्चच्या ॲपला तुमचे संपर्क कशाला हवेत? ‘नाही’ म्हटल्यावर काम अडत असेल तरच ‘हो’ म्हणा.

झटपट कर्ज देणारी ॲप. इथे सर्वांत जास्त सावध राहा. रिझर्व्ह बँकेच्या डिजिटल कर्जाच्या नियमांनुसार कर्ज देणाऱ्याने सर्व खर्च धरून वार्षिक दर सांगणारे मुख्य माहितीपत्रक आधी द्यायला हवे. कर्जाची रक्कम थेट तुमच्या खात्यात यायला हवी. ॲपला तुमची संपर्क यादी, फोटो आणि कॉलची नोंद पाहता येत नाही. यातले एकही पाळले जात नसेल, तर ते ॲप काढून टाका. काही ॲप याच संपर्क यादीचा वापर करून नातेवाइकांसमोर बदनामीच्या धमक्या देतात. ॲपमागे कोणती बँक किंवा वित्तसंस्था आहे, ते नाव शोधा आणि ते रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावरच्या यादीत आहे का, ते पाहा.

अनोळखी फाइल. व्हॉट्सॲपवर लग्नपत्रिका, वाहनाचा दंड किंवा बँकेची केवायसी अशा नावाने एपीके फाइल आली, तर ती उघडू नका. लग्नपत्रिका ही चित्र किंवा पीडीएफ असते, ॲप नसते. ॲप नेहमी फोनमधल्या अधिकृत स्टोअरमधूनच घ्या.

७. संगणक आणि हिशोबाचे सॉफ्टवेअर

बचत गटाचा हिशोब ठेवणाऱ्या ताईंना कोणी सांगते, वर्षाला काही हजारांचे सॉफ्टवेअर घ्या. आधी चिठ्ठी काढा. गटात दहा-पंधरा सदस्य, महिन्याला एक बैठक, प्रत्येकीची बचत, कर्ज आणि परतफेड. एवढ्या कामाला वही पुरते, आणि वहीचा मोठा गुण असा की बैठकीत ती सगळ्यांना उघडून दाखवता येते. बेरजा चुकत असतील, तर संगणकावर तक्ता करा. त्यासाठी लिबरऑफिस हे सॉफ्टवेअर विनामूल्य आणि कायदेशीर आहे. पत्र लिहिणे, तक्ते करणे, पीडीएफ काढणे ही घरगुती आणि छोट्या कार्यालयाची बहुतेक कामे त्यात होतात. मराठीत लिहिताना युनिकोड वापरा. जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये लिहिलेला मजकूर दुसऱ्याच्या संगणकावर उघडला, की तो फॉन्ट तिथे नसल्यास अक्षरांचा खिचडा दिसतो.

पैसे देऊन सॉफ्टवेअर कधी घ्यावे? जीएसटीची विवरणपत्रे भरायची असतील, मालाचा साठा ठेवायचा असेल, रोज पन्नास बिले निघत असतील, तेव्हा. तिथे वाचलेला वेळ आणि टळलेला दंड वर्गणीपेक्षा जास्त असतो. घेण्याआधी विचारा : उद्या हे सॉफ्टवेअर सोडले, तर माझा हिशोब मला दुसऱ्या स्वरूपात काढून मिळेल का? उत्तर ‘नाही’ असेल, तर तुमची वही दुसऱ्याच्या कपाटात कुलूपबंद आहे असे समजा.

पायरसीचे, म्हणजे चोरीचे सॉफ्टवेअर मात्र वापरू नका. ते बेकायदा आहे आणि त्यासोबत पासवर्ड चोरणारे प्रोग्राम येण्याचा धोका असतो. जुना संगणक घेताना त्यावरची विंडोज कोणती आहे, ते पाहा. विंडोज १०ला कंपनीचा नियमित विनामूल्य पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. असा संगणक स्वस्त मिळाला, तरी त्यावर विंडोज ११ चालते का, हे विचारूनच किंमत ठरवा. चालत नसेल, तर उबुंटूसारखी विनामूल्य लिनक्स प्रणाली टाकून तो मुलांच्या अभ्यासाला वापरता येतो.

८. जुना फोन घेताना आणि देताना

चांगल्या स्थितीतला जुना फोन ही अनेकदा शहाणपणाची खरेदी असते. पण आधी त्या फोनवर *#०६# दाबा. पंधरा अंकी आयएमईआय क्रमांक दिसेल. मग इंग्रजीत केवायएम ही तीन अक्षरे, एक जागा सोडून तो क्रमांक, असा संदेश १४४२२ वर पाठवा. हीच तपासणी दूरसंचार विभागाच्या संचार साथी पोर्टलवरही होते. उत्तरात तो क्रमांक काळ्या यादीत आहे, बनावट आहे किंवा आधीच वापरात आहे असे आले, तर फोन घेऊ नका. तो चोरीचा असू शकतो. बिल किंवा निदान विकणाऱ्याची सही असलेली पावती घ्या.

आपला फोन विकताना आधी यूपीआय ॲपमधून खाते काढा, सगळ्या ॲपमधून बाहेर पडा, सिम आणि मेमरी कार्ड काढा आणि शेवटी ‘फॅक्टरी रीसेट’ करा.

९. काही बिघडले तर

• खात्यातून न केलेला व्यवहार दिसला, तर लगेच बँकेला कळवा आणि सायबर फसवणुकीसाठीच्या १९३० या क्रमांकावर फोन करा. तासांना महत्त्व आहे. पैसे पुढे काढले जाण्याआधी अडवता येण्याची शक्यता तेव्हाच असते.
• बँकेला कळवल्याचा तक्रार क्रमांक आणि वेळ लिहून ठेवा. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७च्या परिपत्रकाने ग्राहकाचे दायित्व किती, हे त्याने किती दिवसांत कळवले यावर बांधले आहे. बँकेची आणि ग्राहकाची चूक नसताना तीन कामकाजाच्या दिवसांत कळवल्यास ग्राहकावर भार येत नाही. पिन किंवा ओटीपी स्वतः सांगितला असेल, तर कळवेपर्यंतचे नुकसान ग्राहकाचे असते.
• फोन हरवला, तर सिम बंद करा, बँकेला सांगा, पोलिसांत तक्रार नोंदवा आणि संचार साथी पोर्टलवरून फोन रोखून टाका.
• फसवणूक झाली म्हणून लाजून गप्प बसू नका. घरच्यांपासून लपवण्यात गेलेला वेळ फसवणाऱ्याच्या कामी येतो.

लक्षात ठेवा

१. आधी चिठ्ठी, मग दुकान.
२. किंमत नव्हे, महिन्याचा खर्च मोजा.
३. पैसे मिळवण्यासाठी यूपीआय पिन कधीच टाकावा लागत नाही.
४. ॲप काढले म्हणजे वर्गणी बंद झाली असे नाही.
५. बचतीचे खाते यूपीआयपासून दूर ठेवा.

स्वाध्याय

(१) घरातल्या सगळ्या फोनचे रिचार्ज, हप्ते आणि वर्गण्या एका कागदावर लिहा. २८ दिवसांच्या रिचार्जला १३ने गुणा, महिन्याच्या वर्गणीला १२ने. वर्षाची बेरीज किती आली?

(२) यूपीआय ॲपमधील ‘ऑटोपे’ भाग उघडा. गेल्या महिन्यात न वापरलेली एक तरी वर्गणी सापडते का? सापडली, तर आजच रद्द करा.

(३) फोनमधील जे ॲप तीन महिन्यांत उघडले नाही, ते काढून टाका. आधी त्याची वर्गणी चालू नाही ना, ते पाहा.

(४) वरील तीन कामांतून महिना किती रुपये सुटले, ते लिहा. तेवढीच रक्कम पुढच्या महिन्याच्या पहिल्या तारखेला आवर्ती ठेवीत टाका. सुटलेले पैसे त्याच दिवशी खात्यात गेले नाहीत, तर ते पुन्हा खर्चात मिसळून जातात.